‘जाब’ची खुर्ची

“जरा डावीकडे वळा. आता उजवीकडे. आता हसा,” कोटणीस म्हणाले.

मी डावीकडे वळले, उजवीकडे वळले. हसू काही आलं नाही.

“मॅडम, थोडे दात दिसू द्या. घाबरलात का?”

“घाबरले नाही. हसण्यासारखं काही झालं नाही अजून.”

कॅमेऱ्यामागचा माणूस खुदकन हसला आणि लगेच गप्प झाला. कोटणीसांनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. मुंबईहून खास बोलावलेले सल्लागार होते ते. पस्तिशीचे, बारीक काड्यांचा चष्मा, आवाज कधीच न चढवणारे. त्यांच्या त्या मऊ आवाजाचीच मला जास्त चीड येत होती.

“लग्न झालंय?”

“हो.”

“मूल?”

“एक मुलगी.”

“दुसऱ्याचा विचार?”

“त्याचा बातम्यांशी काय संबंध?”

“असं बघा, आम्ही एक चेहरा घडवतो. गावभर होर्डिंग लावतो. लोकांना त्या चेहऱ्याची सवय होते आणि नेमक्या तुम्ही सहा महिन्यांच्या रजेवर जाता. मग आम्ही काय करायचं?”

“पलीकडे पुरुष बसलेत. त्यांना विचारलंत का हे?”

“त्यांचे प्रश्न वेगळे आहेत,” कोटणीस म्हणाले आणि त्यांनी दुसरं नाव पुकारलं.

नागपुरात रामदासपेठेतल्या एका इमारतीचा तिसरा मजला होता तो. भिंतींना अजून रंगाचा वास येत होता. ‘अष्टदिशा’ नावाची नवी मराठी बातम्यांची वाहिनी सुरू व्हायची होती आणि हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी पडद्यावर यायचं, असा मालकांचा हट्ट होता. तोवर विदर्भातून चालणारी अशी वाहिनी आम्ही कोणी पाहिली नव्हती. त्यामुळे गावात तिचीच चर्चा.

मी तेव्हा एकतिसाची होते. त्याआधी एका दैनिकात होते आणि दर डिसेंबरात विधानभवनाच्या पायऱ्या झिजवत होते. कोणता आमदार कोणत्या मंत्र्याशी बोलत नाही, कोणती लक्षवेधी सूचना मुद्दाम शेवटच्या दिवशी ढकलली जाते, हे मला तोंडपाठ होतं. मनवा झाली, मी बाळंतपणाच्या रजेवरून परतले, तर माझ्या टेबलावर पुरवणीची पानं ठेवलेली. केसांची निगा, उन्हाळ्यातली सरबतं. “आता तुला धावपळ नको,” असं संपादक फार मायेनं म्हणाले होते. वर्षभर सरबतं लिहिली आणि एक दिवस राजीनामा दिला. नवरा, हेमंत, तंत्रनिकेतनात शिकवायचा. तो एवढंच म्हणाला, “पुढे काय, ते ठरलंय का?” ठरलं नव्हतं. मग ही जाहिरात आली.

जाहिरातीत दोन चौकटी होत्या. एकीत लिहिलं होतं, ‘जाब’ या संध्याकाळच्या राजकीय मुलाखतीच्या कार्यक्रमासाठी निवेदक पाहिजे. दुसरीत, बातमीपत्र, हवामान आणि ‘सखी’ या कार्यक्रमासाठी निवेदिका पाहिजेत. मी पहिल्या चौकटीसाठी अर्ज केला. बोलावणं मात्र दुसऱ्या चौकटीचं आलं. चूक झाली असेल, असं समजून मी गेले.

बायकांच्या खोलीत एक मोठा आरसा होता, त्याच्याभोवती दिवे. आम्ही सात-आठ जणी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. माझ्या शेजारी उषाताई केळझरकर. वय बेचाळीस. आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदिका म्हणून काम करायच्या. त्यांचा आवाज सगळ्या विदर्भाला ठाऊक होता आणि चेहरा कोणालाच नाही. त्यांना कोटणीसांनी विचारलं होतं, “तुम्ही मुलीसोबत आलात का?” त्या शांतपणे म्हणाल्या होत्या, “मुलगी अमरावतीला असते. मी माझ्यासाठी आलेय.”

कोपऱ्यात एक मुलगी बसली होती. स्नेहल डाखोरे, पुलगावची. नुकतंच एम.ए. झालेली, दिसायला इतकी सुंदर की मेकअप करणारी बाई तिच्यापाशी येऊन नुसतीच उभी राहिली होती. कोटणीसांनी तिला दोनदा वळायला लावलं आणि पहिल्यांदा मनापासून मान डोलावली. “हवामान,” ते कॅमेरावाल्याला म्हणाले. “आणि होर्डिंगवर हीच.” स्नेहलनं विचारलं, “सर, मी काही वाचून दाखवू का?” ते म्हणाले, “गरज नाही.”

मधल्या भिंतीला काच होती. पलीकडच्या मोठ्या स्टुडिओत ‘जाब’ची परीक्षा चालू होती. एक गोल टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर माजी मंत्री बाबासाहेब ठवकर. मालकांच्या मैत्रीखातर ते नमुन्याचे पाहुणे म्हणून आले होते. दुसऱ्या खुर्चीवर एकेक उमेदवार येऊन बसायचा, पाच-सात मिनिटं प्रश्न विचारायचा आणि जायचा. आवाज ऐकू येत नव्हता, पण ठवकरांचा हात हवेत फिरताना दिसत होता. म्हणजे भाषण चालू होतं. समोरचा मान डोलवत होता.

मी उठून कोटणीसांकडे गेले.

“माझा अर्ज ‘जाब’साठी होता.”

“तिकडे पुरुष उमेदवार आहेत, मॅडम.”

“ते दिसतंय. मी का नाही?”

त्यांनी कागद खाली ठेवला. “मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बातम्या बायका वाचतातच. वर्षानुवर्षं वाचतात, छान वाचतात. वाचायला कोणाची हरकत नाही. पण जाब विचारायला पुरुष लागतो. प्रेक्षकाला तसंच पटतं. आमच्याकडे सर्व्हे आहे.”

“काय विचारलं होतं सर्व्हेत?”

“ते गोपनीय आहे.”

मी परत येऊन पर्स उचलली. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं आणि ते त्या आरशासमोर यायला नको होतं. उषाताईंनी माझं मनगट धरलं.

“कुठे निघालीस?”

“घरी.”

“तू गेलीस तर त्यांना बरंच आहे की.”

एवढंच बोलल्या त्या. मी तशीच उभी राहिले. मग दार उघडून घराकडे न जाता मी उजवीकडे वळले, काचेपलीकडच्या स्टुडिओत शिरले आणि पुरुष उमेदवारांच्या रांगेत शेवटची खुर्ची रिकामी होती तिच्यावर जाऊन बसले.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. शेजारच्या तरुणानं “कोणाला भेटायचंय?” असं विचारलं. “ठवकरांना,” मी म्हटलं. तोवर कोटणीस मागे येऊन उभे राहिले होते.

“मॅडम, कृपा करून उठा.”

“माझी पाळी झाली की उठेन.”

त्यांनी मुख्य संपादकांना बोलावून आणलं. भास्कर हिंगवे. आम्ही एकाच दैनिकात पूर्वी काम केलं होतं; माझ्या सरबतांच्या आधीच ते तिथून बाहेर पडले होते. माणूस वाईट नव्हता, पण कोणाशी वाकडं घ्यायची वेळ आली की त्यांना चष्मा पुसायची सवय होती. आताही ते चष्मा पुसतच आले.

“कांचन, काय हे? लोक काय म्हणतील?”

“सर, जाहिरातीत ‘निवेदक पाहिजे’ असं लिहिलंय.”

“म्हणजे पुरुषच ना. निवेदक आणि निवेदिका, दोन वेगळ्या चौकटी होत्या.”

“तुमच्या जुन्या पेपरात ‘वार्ताहर पाहिजे’ अशी जाहिरात होती, तेव्हा तुम्हीच मला घेतलं होतंत. तेव्हा नाही म्हणालात की वार्ताहर म्हणजे पुरुष.”

“ती गोष्ट वेगळी.”

“कशी वेगळी? तिथे चेहरा दिसत नव्हता म्हणून?”

हिंगव्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला.

“हे बघ, तुझं काम मला माहीत आहे. इथे तमाशा करू नको. तू उद्या सकाळी ये. एकटीच ये. मी कोटणीसांना समजावतो आणि तुझी एकटीची चाचणी घेतो. अपवाद म्हणून. तू सिनिअर आहेस, तुला नाही म्हणणं मलाही बरं वाटत नाही. पण बाहेर बोलू नको.”

मला हवं होतं ते समोर आलं होतं. मी हो म्हणणारच होते. “चालेल” हा शब्द ओठांवर आला होता, खोटं कशाला सांगू.

“आणि आम्ही?”

आवाज इतका बारीक होता की हिंगव्यांना तो कुठून आला तेच कळेना. दारात स्नेहल उभी होती. तिच्या मागे उषाताई, त्यांच्या मागे बाकीच्या. आमचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं.

“तुम्ही तिकडे बसा, आम्ही बोलावतो,” कोटणीस म्हणाले.

“सर, आम्हाला पण हीच परीक्षा द्यायचीय,” स्नेहल म्हणाली. बोलताना ती माझ्याकडे बघत होती, कोटणीसांकडे नाही.

माझ्या हातून काय निसटतंय, ते त्या क्षणी मला नीट कळलंही नसेल. मी हिंगव्यांना म्हटलं, “उद्या नको. आज. आणि सगळ्यांची घ्या.”

“शक्य नाही,” कोटणीस म्हणाले. आवाज तसाच मऊ. “ज्यांना इकडे यायचंय त्यांनी तिकडची जागा सोडली असं समजू. विचार करा.”

दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. एक मुलगी मागे सरकली, खोलीत जाऊन बसली. तिला दोष देण्यासारखं काही नव्हतं, नोकरीची गरज सगळ्यांनाच होती. मला वाटलं, आता स्नेहल जाईल. तिची तर हवामानाची जागा नक्की झाली होती, होर्डिंगसकट. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, पण हलली नाही. उषाताई सरळ येऊन माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनी पर्समधून पाण्याची बाटली काढली. बराच वेळ थांबायची तयारी असल्यासारखं.

हे सगळं ठवकर बघत होते. सकाळपासून तेच ते तोंडदेखले प्रश्न ऐकून ते कंटाळले होते. ते खुर्चीतूनच मोठ्यानं म्हणाले, “काय झालं, हिंगवेजी?”

“काही नाही साहेब. यांनाही चाचणी द्यायची आहे. आम्ही समजावतोय.”

“मग देऊ द्या ना बापा! समजावून काय राहिले?” ठवकर हसले. “या पोट्ट्यांसमोर बसाले मले कायची भीती आहे? सभागृहात विरोधी पक्षनेत्याले गप्प बसवलं मी. पाठवा एकेकीले. फक्त चहा तेवढा चालू ठेवा.”

कोटणीसांनी खांदे उडवले. पाहुणाच म्हणतोय म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. शिवाय त्यांच्या मनात होतं ते त्यांनी बोलूनही दाखवलं, “ठीक आहे. टेपा मालकांकडे जातीलच. त्यांनाही एकदा दिसू दे.”

पहिल्या उषाताई गेल्या. त्या बोलायला लागल्या आणि स्टुडिओतली कुजबुज थांबली. काय आवाज होता. पण आयुष्यभर आकाशवाणीच्या शिस्तीत राहिलेली बाई. “आपण”, “आपलं मत”, “आपल्या अनुभवाचा लाभ श्रोत्यांना” असं बोलत राहिली. ठवकर खूश झाले. भाषण छान रंगलं.

मग मी.

ठवकर मला ओळखत होते. “या कांचनबाई, तुम्ही तर आमच्या घरच्याच.” मी पहिल्या मिनिटालाच त्यांच्या खात्यातल्या जुन्या सिंचन प्रकल्पाचा विषय काढला. कोणत्या वर्षी काय ठरलं, कोणत्या समितीनं काय ताशेरे ओढले, त्यावर त्यांनीच सभागृहात काय उत्तर दिलं होतं, सगळं सांगितलं. त्यांनी उलट विचारलं, “आणि तुमच्याच पेपरानं माझं अभिनंदन केलं होतं, ते?” मी त्यालाही उत्तर दिलं. आमची चांगलीच जुंपली. ते हसत होते, मी हसत होते, दोघंही जुने पैलवान असल्यासारखे. मी उठले तेव्हा कॅमेरावाल्यानं अंगठा दाखवला. हिंगव्यांनी मान हलवली. परत रांगेत येऊन बसले तेव्हा माझे कान गरम झाले होते. खुर्ची आपलीच, असं मला वाटलं. एवढं चांगलं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

बाकीच्या झाल्या. शेवटी स्नेहल.

ती त्या मोठ्या खुर्चीत बसली, तर खुर्चीच जास्त दिसत होती. समोर ठेवलेले प्रश्नांचे कागद तिनं उलटे करून बाजूला सारले. ठवकरांचा तिसरा चहा चालू होता.

“बेटा, गाव कोणतं तुझं?” त्यांनी विचारलं.

“पुलगाव. पण सर, आज प्रश्न मी विचारणार आहे.”

“हाव हाव, विचार ना. घाबरू नको.”

“तुम्ही मंत्री असताना प्रत्येक तालुक्यात मुलींचं वसतिगृह बांधायची घोषणा केली होती. किती बांधून झाली?”

ठवकरांनी कप ठेवला. आवडता विषय होता. मुलींचं शिक्षण, सावित्रीबाईंचा वारसा, स्वतःच्या आईला शाळा कशी सोडावी लागली, योजना मंजूर करून घेण्यासाठी त्यांनी मंत्रिमंडळात कसा टेबलावर हात आपटला, सगळं आलं. स्नेहलनं मध्ये एक शब्द काढला नाही. मानही डोलावली नाही. त्यांचं बोलणं संपलं.

“किती बांधून झाली, सर?”

“बेटा, सांगितलं ना. सगळ्या तालुक्यांले मंजुरी दिली आम्ही.”

“मंजुरी नाही विचारली मी. बांधून किती झाली?”

“असं आहे, सरकार बदललं. नंतरच्या लोकांनी निधी वळवला. जमिनीचे वाद असतात. तुले अजून समजत नाही, शासनाचं काम…”

ती ऐकत राहिली. राग नाही, हसू नाही. ते थांबले की ती लगेच बोलायची नाही, थोडं थांबायची. आम्ही पत्रकार कधी असं थांबत नाही, रिकामी जागा दिसली की आपलं काहीतरी भरतो. ही मुलगी ती जागा तशीच ठेवत होती आणि ठवकर ती भरायला धडपडत होते. दोन वाक्यं बोलले, तिसऱ्याला अडखळले. कपाळावर घाम दिसायला लागला.

“एक तरी?” तिनं विचारलं.

ठवकरांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“नाही झालं,” ठवकर म्हणाले. मग शर्टाला लावलेला माइक त्यांनी ओढून काढला. “झालं का तुमचं? हिंगवेजी, मी काय आरोपी आहे का? चहाले बोलावलं आणि हे काय लावलं?”

“थँक यू, सर,” स्नेहल म्हणाली आणि उठली. उषाताईंनी पुढे होऊन तिला हाताला धरलं.

“तुला ठाऊक होतं उत्तर?” त्यांनी तिला विचारलं.

“नव्हतं. आमच्याकडे तरी झालं नव्हतं. मी वर्ध्याला पाच वर्षं रोज येऊन-जाऊन शिकले. बाकीच्या तालुक्यांचं खरंच माहीत नव्हतं, म्हणून विचारलं.”

माझे कान गार पडले होते. माझ्या मुलाखतीत मी किती जाणते, ते दिसलं होतं. तिच्या मुलाखतीत ठवकर दिसले होते. दोन्हींतला फरक कळण्याइतकी अक्कल मला होती, आणि ती नसती तर बरं झालं असतं, असं त्या संध्याकाळी स्कूटीवरून घरी जाताना मला वाटत होतं. शंकरनगरच्या सिग्नलला मी रडले. हिरवा दिवा लागला तरी निघाले नाही. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा कळलं.

हेमंतला सगळं सांगितलं. मनवाला भरवता भरवता तो म्हणाला, “तू उद्या सकाळी एकटीच जायला हो म्हणाली असतीस तर?”

“तर खुर्ची माझी होती.”

“मग?”

“मग काय. नाही म्हटलं.”

त्यानं पुढे काही विचारलं नाही, ते फार बरं केलं.

दोन दिवसांनी मालकांचा निरोप आला. सुधाकरराव पांढरीपांडे. कापडाच्या धंद्यातला माणूस, बातम्यांमध्ये नवाच उतरलेला. त्यांच्या केबिनमध्ये हिंगवे, कोटणीस, स्नेहल, उषाताई आणि मी. टेपा त्यांनी पाहिल्या होत्या.

“कोटणीससाहेब म्हणतात, परवा परीक्षा दिलेल्या त्या देशकरांच्या मुलाला ‘जाब’ द्यावा,” ते म्हणाले. “आवाज भारदस्त आहे, दिसतो चांगला.”

“आणि सुरक्षित आहे,” कोटणीस म्हणाले. “पाहुणे नाराज होणार नाहीत. नवी वाहिनी आहे. पाहुणे आलेच नाहीत तर कार्यक्रम कसला?”

“हो, ते खरं.” पांढरीपांड्यांनी खुर्ची मागे केली. “काल बाबासाहेब ठवकरांचा फोन आला होता मला. अर्धा तास बोलले. म्हणाले, सुधाकर, बाकी कोणालेही घे, पण त्या पुलगावच्या पोट्टीले त्या खुर्चीवर बसवू नको. एकही नेता तुझ्याकडे फिरकणार नाही.”

स्नेहलनं मान खाली घातली. कोटणीस म्हणाले, “मी तेच म्हणतोय.”

“मी त्यांना विचारलं, असं काय केलं हो तिनं? तर ते म्हणाले, काही नाही केलं, नुसती विचारून थांबली, तेच तर.” पांढरीपांडे हसायला लागले. “कोटणीससाहेब, चाळीस वर्षं राजकारण केलेला माणूस एका मुलीला खुर्चीत बसवू नको म्हणून मला विनवतोय. आणि ती मुलगी मी हवामान सांगायला ठेवू? लोक पाऊस बघायला नाही बसणार संध्याकाळी. हिला बघायला बसतील. आणि नेत्यांचं म्हणाल, तर जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी दाखवायची. दुसऱ्या दिवशी धावत येईल.”

“सर्व्हेमध्ये असं…”

“सर्व्हे तुमच्याकडेच ठेवा.”

मग स्नेहल रडायला लागली आणि रडता रडताच म्हणाली, “सर, पण कांचनताईंची मुलाखत जास्त चांगली झाली होती. त्यांना सगळं माहीत आहे.”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. त्या मुलीनं ते मनापासून म्हटलं होतं. तिला खरंच तसं वाटत होतं. हिंगव्यांनी चष्मा काढला.

“नाही,” मी म्हटलं. “तुझीच चांगली झाली. माझ्या मुलाखतीत ठवकर हसत राहिले. तुझ्या मुलाखतीत त्यांनी माइक ओढून काढला.”

बोलून झालं आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं, कारण दोन दिवस छातीवर बसलेलं ओझं खाली उतरलं होतं. रांगेत जाऊन बसले तेव्हा मी काय मागितलं होतं? परीक्षा सारखी असू दे, एवढंच. ती सारखी झाली होती.

“तुमचं काय करायचं, कांचनताई?” पांढरीपांड्यांनी विचारलं.

“विधानभवन मला द्या,” मी म्हटलं. “अख्खं. राजकीय बातम्यांची जबाबदारी माझी. कोणाला बोलवायचं, काय विचारायचं, त्याची तयारी मी करून देईन. आणि मला मूल कधी होणार, ते कोणी विचारायचं नाही.”

“मला काय करायचंय ते विचारून,” ते गोंधळून म्हणाले. कोटणीस खिडकीबाहेर बघत होते.

उषाताईंना सकाळचं मुख्य बातमीपत्र मिळालं. कोटणीस महिनाअखेरीस मुंबईला परत गेले. जाताना माझ्याशी हस्तांदोलन करून म्हणाले, “बघू या, किती दिवस चालतं.” कडवटपणा नव्हता बोलण्यात. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

मधल्या दिवसांत मी आणि स्नेहल रोज समोरासमोर बसायचो. मी मंत्री व्हायचे, आमदार व्हायचे, खोटं बोलायचे, विषय बदलायचे, तिला बेटा म्हणायचे, ताई म्हणायचे, चिडायचे. ती मला पकडायची. एकदा तिनं मला इतकं कोंडीत धरलं की मी खरंच रागावले आणि चहा न पिता उठून गेले. मागून ती विचारत होती, “ताई, हे मंत्री म्हणून रागावलात का खरंच?”

अधिवेशनाचा पहिला दिवस उजाडला. संध्याकाळी सात वाजता मी विधानभवनाच्या आवारात कॅमेऱ्यासमोर उभी होते. गार वारा सुटला होता. स्टुडिओत स्नेहल आणि तिच्यासमोर एक विद्यमान राज्यमंत्री. मी इकडून बातमी सांगितली, तो धागा पकडून तिनं तिकडे प्रश्न विचारला, मंत्र्यांनी आकडा सांगितला, तिनं पुन्हा मला विचारलं, “कांचनताई, आज सभागृहात हाच आकडा सांगितला गेला का?”

“नाही,” मी म्हटलं. “सभागृहात वेगळा सांगितला.”

“सर, यातला खरा कोणता?”

पडद्याचे दोन भाग केले होते. एकात ती, एकात मी. मध्ये छोट्या चौकटीत मंत्री. माझ्या कानात स्टुडिओतल्या माणसांचा गलका ऐकू आला, मग हिंगव्यांचा आवाज. “कोणी बोलू नका. तिला चालू दे.”

कार्यक्रम संपला. कॅमेरावाल्यानं वायरी गुंडाळल्या. आम्ही फाटकाकडे निघालो. तिथे सुरक्षेच्या चौकीत एक लहान टीव्ही होता आणि पाच-सहा पोलीस त्याच्याभोवती कोंडाळं करून उभे होते. जाहिराती लागल्या होत्या, तरी कोणी हललं नव्हतं. मी जवळून जायला लागले तशी त्यातल्या एका वयस्कर हवालदारानं मला ओळखलं. मफलर सारखा करत तो पुढे आला.

“मॅडम, तुम्ही आत्ता टीव्हीत होत्या ना?”

“हो.”

“मग एक सांगा,” तो म्हणाला, “उद्या कोणाले बसवून राहिले तिच्यासमोर?”